डोळ्याएवढी गादी

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईनं दिवाळी अंकासाठी लिहायचं म्हटलं की सगळ्यांना मोतीबिंदू हवा असतो. पट्टी सुटते, आजीला नातवाचं तोंड दिसतं, घरभर पेढे वाटले जातात. असले पेढे मी पोटभर खाल्लेत आणि ते गोडच लागतात. पण ते कुणीही लिहील. मी लिहिणार आहे रांजणवाडीवर आणि तिच्यामागे उरणाऱ्या गाठीवर. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारशी सोय नाही.

जळगावात पिंप्राळ्याला माझा दवाखाना होता. गेल्या वर्षी तो एका तरुण डॉक्टरला दिला आणि आता वरच्या मजल्यावरून त्याच्या दारातल्या स्कूटर मोजत बसते. माहेर धुळ्याचं, देवपुरातलं. शिक्षणही धुळ्यालाच झालं. तोंडाची मी फटकळ. पेशंट समोर 'मॅडम' म्हणत आणि पायऱ्या उतरताना 'खवट बाई आहे, पण हात चांगला आहे' म्हणत. हे मला नलूताई सांगायच्या. नलूताई म्हणजे माझ्या दवाखान्यातल्या नर्स, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. त्यांना माझ्याबद्दलचं वाईट ऐकवायला फार आवडायचं.

तर रांजणवाडी. पापणीच्या कडेला लाल, ठणकणारी पुळी येते, पिकते, फुटते, जाते. आयुष्यात एकदा तरी सगळ्यांना होते. पण कधी कधी ठणका जातो, लाली जाते आणि पापणीत एक दाणा मागे उरतो. ज्वारीएवढा, कधी हरभऱ्याएवढा. तो दुखत नाही. नुसता असतो. आपल्या पापणीच्या आतल्या बाजूला तेलाच्या बारीक बारीक ग्रंथी असतात. त्यांतल्या एखादीचं तोंड बुजलं की तेल आतच साठतं, घट्ट होतं आणि भोवती गाठ धरते. यावर पहिलं औषध म्हणजे शेक. मनगटाला सोसेल इतकं गरम फडकं बंद डोळ्यावर धरायचं, थंड झालं की पुन्हा गरम करायचं, दिवसातून तीन-चार वेळा. मग स्वच्छ बोटानं पापणीच्या केसांच्या दिशेनं हलकेच चोळायचं. दाबायचं नाही, फोडायचं नाही, काजळ घालायचं नाही. आणि वाट बघायची, महिना, दोन महिने. बहुतेक गाठी अशाच विरघळून जातात. नाहीच गेली तर पापणी उलटवून आतल्या बाजूनं बारीकशी चीर द्यायची आणि खरवडून काढायची. बाहेर व्रणसुद्धा दिसत नाही.

हे 'वाट बघा' सांगणं सगळ्यात अवघड. माणूस चोपड्याहून, यावलहून गाडी बदलत बदलत येतो आणि बाई त्याला सांगते, घरी जा, गरम पाणी लाव. त्याचा चेहरा असा होतो की वाटतं, याला एक इंजेक्शन टोचून द्यावं म्हणजे तरी याचं मन भरेल. देवपुरातल्या माझ्या भावाच्या शेजारची एक मुलगी लग्नाला आठवडा असताना आईबरोबर आली. वरच्या पापणीवर छान टपोरा दाणा. आई म्हणाली, "हळदीच्या आत गेलं पाहिजे." मी म्हटलं, "पी हळद अन् हो गोरी, असं नसतं बाई. आज कापलं तर डोळा सुजेल, काळानिळा होईल, आणि नवऱ्यामुलाच्या घरचे विचारतील कुणी मारलं." शेवटी ती पोरगी काळा चष्मा लावून बोहल्यावर उभी राहिली. अंतरपाटासमोर काळा चष्मा. तिच्या सासरी तिला अजून 'हिरोइन' म्हणतात. गाठ दीड महिन्यात शेकानंच गेली, आणि त्याचं श्रेय तिच्या आईनं कुठल्याशा उपासाला दिलं.

उपायांची तर आपल्याकडे काही कमी नाही. खारकेची बी उगाळून लावतात, लवंग उगाळून लावतात. त्यानं फारसं बिघडत नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातला माणूस आला होता, त्यानं गाठीवर बिब्बा लावला होता. बिब्ब्याचं तेल तळपायाच्या कातडीलाही पोळतं, ही तर पापणी. "बठ्ठा उपाय करी दखा बाई, हाऊ शेवटला," तो म्हणाला. सगळे उपाय करून झाल्यावरचा हा शेवटला, आणि तो शेवटलाच ठरला. पापणी भाजून आखडली आणि डोळा पुरता मिटेना. झोपेतही तो अर्धा उघडा राही. त्याची बायको म्हणाली, "निजेल माणूस मनाकडे देखत ऱ्हास, माले भेव लागस." झोपलेला नवरा रात्रभर आपल्याकडेच बघतो असं वाटून, एका ज्वारीच्या दाण्यापायी त्या बाईची झोप गेली. आम्ही पापणी थोडीफार दुरुस्त केली, पण पूर्ण मिटणारा डोळा मी त्याला परत देऊ शकले नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. उस्मानभाई आणि जैतूनबी सावद्याचे. जातीचे पिंजारी. त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. सावदा म्हणजे केळ्यांचा गाव, जो तो ट्रक आणि भाव यांबद्दलच बोलणार. उस्मानभाई मात्र कापसाबद्दल बोलायचे. कापूस कुठला, किती पिंजला, किती वर्षांनी दबेल. दोघंही साठीच्या पुढची. जैतूनबींच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत गाठ होती. आधी रांजणवाडी झाली होती, ती गेली आणि हे राहिलं, असं सांगत होत्या. घरात त्या हिंदी बोलायच्या. माझ्याशी मराठीत सुरुवात करायच्या आणि घाबरल्या की हिंदीवर यायच्या.

मी नेहमीचं पुराण सांगितलं. शेक, चोळणं, वाट. जैतूनबी मान हलवत होत्या, पण ऐकत होते उस्मानभाई.

"किती गरम मॅडम?"

"मनगटावर धरून बघा. तुम्हाला सोसलं तर त्यांच्या डोळ्याला सोसेल."

"माझ्या हाताला घट्टे आहेत. तिच्याच मनगटावर धरतो."

पस्तीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. पंधरा दिवसांनी आले तेव्हा त्यांनी पिशवीतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. डोळ्याएवढी गादी. खरीखुरी गादी, चारी बाजूंनी शिवण, मधे टाके, वर निळ्या पट्ट्यांचं गादीचंच कापड. "फडकं लवकर थंड होतं," ते म्हणाले. "आत अळशी भरली, बाजूनं कापूस. तव्यावर ठेवली की गरमी धरून ठेवते." मी ती हातात घेतली. इतकी बारीक शिवण मी स्वतः पापणीवर घातली तर मला अभिमान वाटेल. नलूताईंनी लगेच विचारलं, "भाऊ, मला अशी एक मानेसाठी शिवून द्याल?" पुढल्या खेपेला त्यांनी ती आणून दिली.

गाठ लहान झाली, पण गेली नाही. दोन महिने शेक देऊन झाल्यावर मी ती खरवडून काढली. साधं काम, अर्ध्या तासाचं. जैतूनबी घरी गेल्या. मी त्यांना विसरून गेले, आणि पेशंट विसरून जाता येणं ही आमच्या धंद्यात चांगली बातमी असते.

काही महिन्यांनी त्या परत आल्या. गाठ परत आली होती, आणि तीही त्याच जागी.

धुळ्याला शिकत असताना आमचे सर एक गोष्ट घोकून घ्यायचे. गाठ एकदा आली तर गाठ. जागा बदलून आली तरी गाठ. पण म्हाताऱ्या माणसाला त्याच जागी पुन्हा आली आणि तिथले पापणीचे केस झडले असतील, तर तिला गाठ म्हणायचं नाही. तुकडा काढायचा आणि तपासायला पाठवायचा. कारण त्या तेलाच्या ग्रंथींचा एक कर्करोग असतो. क्वचित होतो, पण हुबेहूब साध्या गाठीचं सोंग घेऊन येतो. दुखत नाही, दिसायला निरुपद्रवी. जैतूनबींचे त्या जागचे तीन-चार केस गेलेले होते. मी भिंग लावून खात्री केली आणि त्याच दिवशी गाठ पुन्हा उघडली.

या वेळी चिमटीत आलेलं दिसायलाही वेगळं होतं. साध्या गाठीतून जेलीसारखं बाहेर येतं. हे घट्ट होतं, पिवळट. मी तुकडा औषधाच्या पाण्यात घालून बाटली बंद केली, वर नाव लिहिलं आणि उस्मानभाईंच्या हातात दिली. आमच्यासारख्या एकट्यादुकट्या डॉक्टरकडे बाटल्या पोचवायला वेगळा माणूस नसतो. तुकडा नातेवाईकच प्रयोगशाळेत नेऊन देतात. बसस्टँडच्या वाटेवरच होती ती. मी त्यांना नीट सांगितलं की हे तपासायलाच हवं, यात वाईट काही निघू शकतं. ते म्हणाले, "देतो मॅडम." त्यांच्या मनात तेव्हा दुसरं काही नव्हतं, याची मला आजही खात्री आहे.

आठ-दहा दिवस झाले, रिपोर्ट नाही. नलूताईंनी प्रयोगशाळेत फोन केला. ते म्हणाले, या नावाची बाटली आमच्याकडे आलीच नाही. सावद्याला फोन लावला तर लागेना. मी त्या रविवारी गाडी काढली आणि नलूताईंना घेऊन सावद्याला गेले. वाटेत त्या म्हणाल्या, "मॅडम, तिथं जाऊन ओरडू नका." मी म्हटलं, "बघू."

दुकानात उस्मानभाई गादीला टाके घालत बसले होते. मला बघून ते उठले, खुर्ची पुसली, आतून जैतूनबी आल्या. डोळा स्वच्छ दिसत होता. सूज नाही, गाठ नाही. मी विचारलं, "बाटली कुठाय?"

उस्मानभाईंनी बायकोकडे बघितलं. मग जैतूनबीच बोलल्या. "मैंने ही बोला था इनको, मॅडम. मेरा गोश्त है. बोतल में किसी की अलमारी में पड़ा रहेगा?"

शरीराचा तुकडा शरीरातून निघाला तर तो मातीत द्यायचा, ही त्यांच्याकडची रीत. बोट तुटलं तर बोटही पुरतात. त्यात मला हसण्यासारखं किंवा चिडण्यासारखं काही वाटलं नाही. माझ्या मुलीची नाळ माझ्या आईनं देवपुरातल्या अंगणात पुरली होती, आणि तिथून कुणी चालत गेलं तरी आई ओरडायची. रिक्षात बसल्यावर जैतूनबींनी नवऱ्याला विचारलं होतं की तपासून झाल्यावर हे लोक त्याचं काय करतात. उस्मानभाईंना माहीत नव्हतं. त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, टाकून देत असतील. संपलं. रिक्षा प्रयोगशाळेसमोरून सरळ स्टँडवर गेली.

"पण तपासायचं होतं ना?" मी म्हटलं. माझा आवाज चढलेला होता. नलूताईंनी माझा पदर ओढला.

उस्मानभाई अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, आजारी तिचा डोळा होता. गाठ तर तुम्ही काढली. आता निघालेल्या गाठीत काय बघायचं? बघायचं तर डोळ्यात बघा."

चोर पकडून आणला तर त्यालाच विचारावं लागतं की बाकीचे किती आहेत, असं काहीतरी मी सांगितलं. ते त्यांना पटलं. पटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात एक आलं. तुकडा औषधाच्या पाण्यात असेल तर तो महिनोन्‌महिने टिकतो, जमिनीखालीसुद्धा. मी विचारलं, "उस्मानभाई, बाटलीसकट पुरलंत का?"

मला आठवतं, मी हात जोडल्यासारखे धरले होते. इतक्या वर्षांत एखाद्या उत्तराची इतकी वाट मी बघितली नव्हती.

"बाटलीत कसं पुरणार?" ते म्हणाले. "पाण्यानं धुतलं, कापसात गुंडाळलं, मग दिलं. अब्बाच्या कबरीशेजारी." मग ते उठले, फळीवरून बाटली घेऊन आले आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "ही तुमची बाटली. फार वास होता तिला. राख लावून धुऊन ठेवली, तुमच्याकडे यायचं होतंच."

लख्ख धुतलेली बाटली. वरची नावाची चिठ्ठीसुद्धा खरवडून काढलेली. मी ती घेतली आणि पर्समध्ये टाकली. ओरडायला मला जागाच राहिली नाही.

मी जैतूनबींना म्हटलं, पुन्हा थोडा तुकडा घेऊ या. त्या म्हणाल्या, कुठून घेणार? खरंच, कापायला गाठच नव्हती. मी सांगितलं की दिसत नसली तरी त्या जागेतून दोन-तीन ठिकाणचे बारीक तुकडे घ्यावे लागतील. कर्करोग हा शब्दही मी उच्चारला. आमच्यातले बरेच जण रिपोर्ट हातात येईपर्यंत तो उच्चारत नाहीत. मी उच्चारला, दोनदा. जैतूनबींनी डोळ्यावरून बोट फिरवलं. "दुखतच नाही मॅडम." आपल्याकडे जे दुखत नाही त्याला कुणी रोग मानत नाही, मग तो सावद्याचा पिंजारी असो की जळगावचा प्राध्यापक. दुसऱ्यांदा चिरून घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. दर महिन्याला दाखवायला येऊ, एवढं कबूल केलं. एकदा आल्या. पुढे लग्नसराई लागली. रुखवतातल्या गाद्या म्हणजे त्यांच्या वर्षाचा धंदा, आणि डोळा तर स्वच्छ होता. नलूताई फोन करायच्या, तिकडून उत्तर यायचं की शेक चालू आहे, सगळं ठीक आहे.

शेक चालू होता, हे खरंच होतं. उस्मानभाई रोज संध्याकाळी दुकान आवरलं की ती छोटी गादी तव्यावर ठेवायचे, बायकोच्या मनगटावर धरून बघायचे आणि मग डोळ्यावर ठेवायचे. मी सांगितलेली एकही गोष्ट त्यांनी चुकवली नाही. रोगाला शेकाचं काय? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पावसाळा संपता संपता त्या आल्या तेव्हा गाठ नव्हती. अख्खी पापणीच जाड झाली होती, लाल, डोळे येऊन बरेच दिवस झाल्यासारखी. खालची पापणीही तशीच. कानापुढे बोट लावलं तर तिथे एक टणक गोटी लागली. मी तुकडा घेतला, पेशंट बसवून ठेवले, बाटली हातात घेतली आणि स्वतः रिक्षा करून प्रयोगशाळेत गेले. रिपोर्ट जो यायचा तोच आला.

त्या दिवशी मी दवाखान्याचं दार बंद केलं आणि दोघांना समोर बसवलं. रोग डोळ्याच्या खोबणीत पसरला होता. आता डोळा पापण्यांसकट, आजूबाजूच्या मांसासकट काढायला लागणार होता. तसं केलं तर जगायची आशा होती, नाही केलं तर नव्हती. ऑपरेशन धुळ्याला, माझी एक वर्गमैत्रीण करणार होती. हे सगळं मी सांगितलं तेव्हा उस्मानभाई भिंतीकडे बघत होते. रडल्या त्या नलूताई, कोपऱ्यात उभ्या राहून.

जैतूनबींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "आँख भी बोतल में जाएगी?"

"हो. तपासायलाच हवी. कडेपर्यंत रोग उरलाय की नाही ते कळल्याशिवाय पुढचा इलाज ठरत नाही."

"तो नहीं करना," त्या म्हणाल्या. "मरेन मी. पण अख्खी जाईन."

मी खूप समजावलं. चिडले, विनवलं, त्यांच्या नातवंडांची शपथ घातली. त्या बधल्या नाहीत. आणि खरं सांगू? त्या म्हणत होत्या त्यात मला वेडेपणा दिसेना. त्यांना डोळ्याची किंमत कळत नव्हती असं नाही. आपला डोळा कुठेतरी कचऱ्यात जाईल, एवढंच त्यांना सहन होत नव्हतं. तुम्हाला होईल? शेवटी मी विचारलं, "आणि तपासून झाल्यावर परत मिळाला तर?"

"सगळा?"

"सगळा."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "मग करा."

शब्द देऊन बसले, आता निभवायचं माझ्याकडे आलं. धुळ्याच्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, असं कुणी मागत नाही. मी म्हटलं, असं कुणाला विचारतं कोण? तपासणाऱ्या डॉक्टरांनी नियम सांगितले. मग मी देवपुरात भावाकडे मुक्काम ठोकला आणि रोज त्यांच्या दारात जाऊन बसले. नियमांत वाट असते, ती दाखवायचा कंटाळा असतो एवढंच. एक अर्ज, उस्मानभाईंची सही, माझी हमी, आणि काम झालं. खवट बाई असण्याचे काही फायदे असतात.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. जैतूनबी शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते 'दे दी क्या?' आम्ही सांगितलं, अजून तपासतायत. त्यांनी मान हलवली आणि वाट बघायला लागल्या. आयुष्यभर मी लोकांना वाट बघायला सांगत आले, पण इतकी चिवट वाट बघणारा पेशंट मला दुसरा भेटला नाही.

तपासणी संपल्याचा निरोप आला तेव्हा मी उस्मानभाईंबरोबर गेले. तिथल्या माणसानं झाकण घट्ट लावलेली मोठी काचेची बरणी काउंटरवर आणून ठेवली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. माझ्याकडे वळले.

"मॅडम, सगळं तपासून झालं ना? काही राहिलं तर नाही ना? राहिलं असेल तर मी थांबतो. लागतील तितके दिवस थांबतो."

मी म्हटलं, "झालं, उस्मानभाई. काही राहिलं नाही."

मग त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून ती डोळ्याएवढी गादी काढली. अळशी काढून टाकली होती. आत नुसता नवा पिंजलेला कापूस भरला होता, हात लावला तर बोट रुतावं इतका मऊ. "तिला हिची सवय आहे," ते म्हणाले, आणि बरणी आणि गादी एकाच फडक्यात बांधून सावद्याच्या गाडीला गेले. मी स्टँडवर उभी राहून रडले. माझ्या वयाच्या बाईला कुणी काही विचारत नाही, हे बरं असतं.

त्यानंतर माझ्या दवाखान्यात एक पद्धत पडली. तुकडा पाठवायचा असेल तर बाटली नलूताई स्वतः नेऊन द्यायच्या, आणि बाटली बंद करण्याआधी मी पेशंटला विचारायची, "तपासून झाल्यावर परत हवं का?" पुष्कळ जण चमकून बघायचे, नको म्हणायचे. काही जण मात्र 'हो' म्हणायचे, हळूच, लाजून, जणू भलतंच काही मागतायत. त्यांत सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची माणसं होती. खालच्या तरुण डॉक्टरला मी दवाखाना देताना हे सांगितलं. तो हसला. मी त्याला ही गोष्ट सांगितली, मग तो हसायचा थांबला. आता तोही विचारतो.

जैतूनबी पुढची थंडी बघू शकल्या नाहीत. कानापुढच्या गोटीतून रोग मानेत उतरला होता, तिथून छातीत. माझा बीपी चढतो हे नलूताईंनी त्यांना कधीतरी सांगितलं होतं, तर शेवटच्या दिवसांतही त्या मला फोनवर विचारायच्या, "मॅडम, तुमचा बीपी?" त्या गेल्याचं कळल्यावर मी सावद्याला गेले, घरात बायकांमध्ये बसले. जनाजा निघाला तेव्हा उस्मानभाई माझ्यासमोरून गेले, पण त्यांनी मला ओळखलं नसावं.

महिन्याभरानं ते दवाखान्यात आले. नंबर लावून बसले, आपली पाळी आल्यावरच आत आले. पिशवीतून ती मोठी बरणी काढली. राखेनं घासलेली, लख्ख.

"धुऊन आणली," ते म्हणाले.

मी त्यांना बसवलं. विचारलं, कुठं दफन केलं त्यांना.

"तिथंच, अब्बाच्या बाजूला. कबर खोदणारा पोरगा नवीन होता, भलतीकडेच खोदायला लागला. मी त्याला थांबवलं." ते टेबलावरच्या बरणीकडे बघत होते. त्यांनी हातानं माप दाखवलं, गादीचं माप दाखवतात तसं. "म्हटलं, अजून थोडं इकडं घे बेटा. डोकं इथं आलं पाहिजे. तिचा डोळा इथं आहे."